पूर्वीचं जगणं खरंच बरं होतं का? महाराष्ट्राच्या खेड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, आमच्या वेळी माणसं सुखी होती, आता नुसती धावपळ. दुसरा म्हणतो, तुमच्या वेळी होतं तरी काय? या वादात पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राच्या खेड्यांतली आहेत, कारण "पूर्वी" म्हणताना आपल्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खेडंच असतं.

एका वाक्यात सांगायचं तर? बरं झालं की वाईट?

बरं झालं, आणि खूपच बरं झालं. ज्यांच्या वाट्याला पूर्वी सगळ्यात कमी यायचं, त्यांचं तर सगळ्यात जास्त. मात्र ते नुसत्या पैशामुळे झालं, असं मला वाटत नाही. बरेचसे फायदे सार्वजनिक कामांतून आले: लस, विहीर, शाळा, रेशन, रोजगार हमी, कायदा. जिथे ही कामं ढिली पडली तिथे आजही जुने दिवस संपलेले नाहीत.

स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान ३२ वर्षं होतं म्हणतात. मग आमचे पणजोबा ऐंशी वर्षं कसे जगले?

३२ ही सरासरी आहे. लोक बत्तिशीत म्हातारे होऊन मरत नव्हते. जन्मलेल्या मुलांपैकी बरीचशी पहिल्या पाच वर्षांतच जायची, म्हणून सरासरी इतकी खाली यायची. त्यातून वाचलेला माणूस साठी-सत्तरी गाठू शकत होता, एखादा ऐंशीही. तुमचे पणजोबा त्या वाचलेल्यांपैकी.

त्याआधीची स्थिती याहून वाईट होती. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच घडलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं एक कोटीहून जास्त माणसं नेली आणि त्या दशकातलं सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होतं. आज ते सत्तर आहे. तीन-चार पिढ्यांत माणसाचं सरासरी आयुष्य तिपटीहून वाढलं. एवढी मोठी गोष्ट आपण इतक्या सहज कशी विसरतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

लहान मुलं इतकी का जायची?

इथे जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपल्या रीतिरिवाजांतच याचा पुरावा आहे.

बाळाची पाचवी पुजतात. सटवाई त्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणतात, म्हणून दिवा विझू द्यायचा नाही, बाळाजवळ जागं राहायचं. ही भीती उगाच नव्हती. नाळ विळ्यानं किंवा मिळेल त्या पात्यानं कापायची आणि जखमेवर राख किंवा शेण लावायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. त्यातून धनुर्वात व्हायचा. त्याची लक्षणं बहुधा चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिसतात: बाळ दूध ओढेनासं होतं, मग ताठ होतं, मग जातं. जागरणाची रात्र त्या धोक्याच्या दिवसांच्या तोंडावरच येते.

दुसरी खूण नावांची. धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं बहुधा आधीची भावंडं गेलेल्या मुलांना ठेवायचे. नाव असं ठेवायचं की मृत्यूलाही ते मूल उचलावंसं वाटू नये. आपल्या घराण्याच्या वंशावळीत चार पिढ्या मागे जाऊन पाहा, असं एखादं नाव हमखास सापडेल. त्या एका नावामागे दोन-तीन लहान मुलांचे मृत्यू असण्याची शक्यता मोठी.

आता आकडे. १९७१ मध्ये देशात दर हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्ष पुरं व्हायच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई, दवाखान्यातलं बाळंतपण आणि नाळ कापायला नवं ब्लेड या साध्या गोष्टींनी नवजात बाळांचा धनुर्वात इतका कमी केला की २०१५ मध्ये भारतातून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. पायविहिरीतल्या पाण्यातून होणारा नारू, ज्यात पायातून हातभर लांब जंत काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढावा लागे, तो २००० पर्यंत देशातून गेला. पोलिओमुक्त भारताची घोषणा २०१४ ची.

पण आजोबा तर म्हणतात, आमच्या वेळी कोणी आजारी पडत नव्हतं.

आजोबा खोटं बोलत नाहीत. त्यांना आठवतात ती त्यांच्यासोबत मोठी झालेली माणसं. जी झाली नाहीत त्यांची आठवण कोण सांगणार? त्यांना वेगळा प्रश्न विचारा: "आजीला मुलं किती झाली आणि राहिली किती?" हा प्रश्न विचारला की बहुतेक घरांतलं बोलणं बदलतं. माझ्या आजीला विचारलं तेव्हा तिनं आधी बोटं मोजली. जगलेली मुलं मोजायला तिला बोटांची गरज नव्हती.

शिवाय रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांचं निदानच होत नव्हतं. माणूस "पोटात दुखून गेला", "वारं गेलं", "तापानं गेला" एवढंच कळायचं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की गाव रानात राहायला जायचं.

इंग्रज यायच्या आधी आपल्याकडे सोन्याचा धूर निघत होता ना?

अर्थशास्त्राचा इतिहासकार अँगस मॅडिसन याच्या अंदाजाप्रमाणे १७०० साली जगाच्या एकूण उत्पन्नात भारताचा वाटा चोवीस टक्क्यांच्या आसपास होता आणि १९५० पर्यंत तो चार टक्क्यांच्या आसपास आला. ही घसरण खरी आहे आणि पारतंत्र्याचा हिशेब मांडताना ती सांगायलाच हवी. पण १७०० साली जगातली जवळजवळ पाव माणसंही भारतातच होती. म्हणजे माणशी उत्पन्न जगाच्या सरासरीइतकंच होतं, आणि ती सरासरी आजच्या मानानं दारिद्र्याचीच. दरबारात सोनं होतं, कसणाऱ्याच्या घरात नव्हतं.

त्याच दख्खनेत १६३० साली इतका भयंकर दुष्काळ पडला की तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते देहूचे वाणी-महाजन, घरात सावकारी असलेलं कुटुंब. त्यांच्या घरी ही वेळ आली, तर गावातल्या भूमिहीनाचं काय झालं असेल?

तेव्हा स्वस्ताई होती. रुपयात महिन्याचं सामान यायचं.

सामान येत असेल, पण तो रुपया कोणाकडे होता? भाव सांगताना मजुरी सांगितली नाही तर हिशेब अर्धाच राहतो.

दादाभाई नौरोजींनी हाच हिशेब पुरा केला. १८६७-६८ च्या आकड्यांवरून त्यांनी काढलं की हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये आहे. मग त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च पाहिला. तो बहुतेक प्रांतांत वीस रुपयांहून बराच जास्त येत होता. सर्वसाधारण मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकंही येत नव्हतं. स्वस्ताईच्या काळाबद्दल याहून बोलका आकडा मला माहीत नाही.

पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दाखवलं की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं पोटभर अन्नाला लागेल एवढाही खर्च करू शकत नव्हती. आज साठी-सत्तरीत असलेल्यांच्या लहानपणचा हा काळ.

शेतकरी तरी पूर्वी सुखी होता. आजच्यासारखा कर्जात नव्हता.

या प्रश्नाचं उत्तर पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये सापडतं.

आज तिथे उंच इमारती, मॉल आणि आयटीत नोकरी करणारी माणसं दिसतात. पवनेच्या काठचं हे गाव शंभर वर्षांपूर्वी कोरडवाहू शेतीचं होतं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी तिथल्या घराघरांत जाऊन जमीन, जनावरं, पीक, खर्च, कर्ज सगळं लिहून काढलं आणि १९१७ साली ती पाहणी प्रसिद्ध केली. भारतातल्या एका खेड्याचा इतका बारकाईनं केलेला हा अगदी सुरुवातीचा अभ्यास.

त्यात काय निघालं? १७७१ साली तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमाराला ती ७ एकरांवर आली होती. तीही एका जागी नाही, ठिकठिकाणच्या तुकड्यांत. सगळं अनुकूल असलं तरी मालकाचं पोट भरू शकणार नाही अशा धारणा ८१ टक्के होत्या. गावातल्या दर तीन कुटुंबांपैकी जवळजवळ दोन आर्थिकदृष्ट्या बुडालेली होती, बाहेरची मजुरी धरूनसुद्धा. आणि हे पुण्यासारख्या शहराला लागून असलेल्या गावात, जिथे निदान मजुरी मिळत होती.

त्याच्याही आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाची कागदपत्रं जाळली. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत तेच झालं. १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यातून आला. म्हणजे कर्ज आजचं नाही. पेवातलं धान्य पावसाळ्यात संपायचं आणि मग सवाई-दिढीनं धान्य आणायचं: घेतलं एक मण तर सुगीला द्यायचं सव्वा किंवा दीड मण. ही तेव्हाची नेहमीची रीत होती.

मग आजच्या शेतकरी आत्महत्यांचं काय?

हा प्रश्न वरच्या उत्तराने खोडला जात नाही, आणि कोणी तसा खोडू नये. राज्यात दरवर्षी हजारो आत्महत्यांची नोंद होते आणि देशात महाराष्ट्राचा क्रमांक वर्षानुवर्षं पहिला आहे. जुना शेतकरी भुकेनं आणि साथीनं जायचा. आजचा कोरडवाहू कापूस-सोयाबीनवाला बियाणं, खतं, फवारणी, मुलीचं लग्न, दवाखान्याचं बिल हे सगळं रोख पैशात भागवतो. उत्पन्न मात्र पावसाच्या आणि बाजारभावाच्या हाती. बँकेचं दार बंद झालं की पुन्हा सावकार. धारणाही लहान होत गेली: १९७०-७१ मध्ये राज्यात सरासरी ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४.

प्रगती झाली हे खरं, आणि ती विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पुरेशी पोचली नाही हेही खरं. ज्याच्या घरात हे घडलं त्याला आयुर्मानाचे आकडे ऐकवणं हा निर्दयपणा आहे.

दुष्काळ तेव्हाही पडायचे, आताही पडतात. फरक काय?

फरक १९७२ नं दाखवला.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनेत माणसं लाखांनी मेली. सरकारनं खडी फोडण्याची कामं काढली, पण मजुरी कापली. पुरुषाला दिवसाला सुमारे अर्धा किलो धान्य आणि वर एक आणा. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला लिहीत राहिली, तरी फार काही हललं नाही.

१९७२ चा दुष्काळ पावसाच्या मानानं कमी भीषण नव्हता. विहिरी आटल्या, जनावरं कसायाला गेली, लोकांनी रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्ली. ती भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव अजून आठवते. पण कामं मोठ्या प्रमाणावर निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंगच्या कामांवर होती. मुलांना सुकडी वाटली जात होती. पूर्वीच्या दुष्काळांसारखे लाखो मृत्यू झाले नाहीत. लोक मोर्चे काढत होते, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, आणि सरकारला ते ऐकावं लागत होतं.

तिथेच न थांबता वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि तो हक्क. सुशिक्षित-नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून त्याचा पैसा उभा केला. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला. महाराष्ट्रानं देशाला दिलेल्या गोष्टींत मी ही फार वरची मानतो.

जुन्या खेड्यात माणसं एकोप्यानं राहायची. गाव स्वयंपूर्ण होतं.

बारा बलुतेदार आणि सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं हे चित्र शाळेच्या पुस्तकात छान वाटतं. त्यात सुताराला आणि लोहाराला आपल्या कामाची शाश्वती होती, हे खरं. पण त्याच खळ्यावर महाराला रखवाली, सांगावे पोचवणं, मेलेली जनावरं ओढणं या कामांचा मोबदला म्हणून उरलंसुरलं मिळायचं आणि ते काम नाकारायची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी वर्षानुवर्षं महार वतनाविरुद्ध लढा दिला तो यासाठीच. ते वतन कायद्यानं संपलं १९५८ मध्ये. त्याआधी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला.

म्हणून "पूर्वी गावात सुख होतं" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: कोणत्या आळीत? शहरातली चाळ, गिरणीतली पाळी, रेल्वेची नोकरी यांत हाल कमी नव्हते. तरी गाव सोडून मुंबईला गेलेल्या किती तरी दलित कुटुंबांनी मागे वळून गावाची ओढ धरली नाही. त्यांचा निर्णय अनुभवातून आलेला होता, आणि या वादात त्याला मोठं वजन आहे.

बायकांचं जगणं किती बदललं?

माझ्या मते सगळ्यात जास्त बदल इथेच झाला, आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच बदलाबद्दल.

जात्याचंच घ्या. आठ-दहा माणसांच्या घराला रोजची भाकरी करायची तर पहाटे उठून दोन-दोन तास दळावं लागे. खुंटा धरून धरून तळहाताला घट्टे पडायचे. गरोदर असो, तापात असो, सुटका नव्हती. मग कांडण, पाणी, शेण, सरपण, स्वयंपाक, आणि दिवस उजाडला की शेतावर. ओव्यांचं कौतुक आपण सगळेच करतो आणि ते करण्यासारखंच आहे. पण गावात ऑइल इंजिनवरची पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी ती लगेच आपलीशी केली. जातं परत आणा अशी मागणी कुठल्याही गावातल्या बायकांनी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाकी थोडक्यात. १९५१ मध्ये देशात शंभरातल्या नऊ बायकाही लिहू-वाचू शकत नव्हत्या. २०११ मध्ये महाराष्ट्रात शंभरातल्या पंचाहत्तर वाचू लागल्या. पूर्वी देशात बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं व्हायची, आता राज्यात दोनाहून कमी. बाळंतपणात जाणाऱ्या मातांचं प्रमाण महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ वर आलं आहे (२०१८-२०). केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या विधवांसाठी १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांना आश्रम काढावा लागला होता.

राहिलेलंही सांगितलं पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यात विशी ते चोविशीतल्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. आणि निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी. घरात सगळ्यांच्या मागून जेवणं अजून संपलेलं नाही.

खाणं मात्र तेव्हाचं शुद्ध आणि सकस होतं, हे तरी मान्य करा.

अर्धं मान्य. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, रानभाज्या, घरचं ताक हे आजच्या बिस्किटपुड्यापेक्षा चांगलं, यात वाद नाही. पण ते पोटभर किती जणांना आणि वर्षाचे किती महिने मिळायचं? देशावर गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच. आषाढ-श्रावणात कित्येक घरांत कण्या आणि पालाच.

त्या उपासमारीचा परिणाम आजही चालू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांना दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी असतात, स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानानं टिकून असते. अशा बाळाला पुढे भरपूर खायला मिळालं आणि अंगमेहनत कमी झाली की मधुमेह लवकर गाठतो. देशात आज दहा कोटींच्या आसपास मधुमेही आहेत. याचा दोष एकट्या नव्या खाण्यावर टाकता येत नाही. पिढ्यांच्या भुकेवर अचानक आलेली सुबत्ता असं हे दुखणं आहे.

मग श्रेय कोणाला? उद्योगधंदे, बाजार, उदारीकरण?

त्यांनाही आहे. कर भरणारे कारखाने नसतील तर दवाखाने कशावर चालणार? पण पैसा आला की आरोग्य आपोआप येतं, असं होत नाही. गडचिरोलीकडे पाहा. राज्यातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांपैकी एक. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, न्यूमोनिया ओळखायचा, जंतुसंसर्ग दिसला तर औषध द्यायचं, सगळं घरीच. काही वर्षांत तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. त्या गावांचं उत्पन्न तोवर फारसं वाढलेलं नव्हतं.

म्हणूनच आशाताईंना मानधनासाठी आंदोलन करावं लागतं तेव्हा मला ते साधं पगाराचं भांडण वाटत नाही. आपण इथवर आलो तो रस्ता त्यांच्यासारख्यांनी केला.

काहीच गमावलं नाही का?

गमावलं, आणि पाण्याइतकं कशातच नाही. १९७२ नंतर गावोगाव बोअरवेल आणि हातपंप आले. पायविहिरीचं पाणी पिणं सुटलं, नारू गेला. पुढे तीच बोअर शेतात शिरली, वीजपंप बसले, दोनशे फुटांवर लागणारं पाणी आठशेवर गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं आणि त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. जिथे पाण्याची ही गत, त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर घ्यायला आणि ऊस लावायला बंदी घातली, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, म्हणून ते गाव टिकलं. हे करता येतं, एवढं त्या गावानं दाखवून दिलं.

आणि त्या उसाची किंमत कोण देतं? बीडकडची जोडपी दिवाळीनंतर उचल घेऊन कारखान्याच्या फडात जातात, उसाच्या पाचटाच्या कोपीत सहा महिने राहतात. एक दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. पाळीच्या त्रासानं खाडा नको म्हणून तरुण बायकांनी गर्भाशय काढून घेतल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. साखर सगळ्यांच्या घरात आली, हे त्यामागचं जगणं आहे.

पूर्वी माणसाला वेळ होता, ताण नव्हता. आता सगळे एकटे.

वेळ पुरुषांना होता, पारावर. बायकांचा दिवस वर आलाच आहे. आजचा ताण खोटा नाही. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, आणि पोट भरायला रोज जीव धोक्यात घालावा लागणं ही प्रगती म्हणता येत नाही. म्हातारी माणसं गावात आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात, हेही खरं. पण म्हातारपणाचा प्रश्न पडतो कारण आता बहुतेक जण म्हातारपणापर्यंत पोचतात. त्यावर उपाय शोधणं आपल्या पिढीचं काम आहे. एकत्र कुटुंबाच्या आठवणी काढून ते होणार नाही.

विषमता वाढली, हे मान्य आहे का?

आहे. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांच्या हाती एकूण उत्पन्नाचा २२ टक्क्यांहून अधिक वाटा होता, असा अंदाज आहे. मुंबईत ज्या आजारावर लाखो रुपये खर्चून उपचार होतात, त्याच राज्यातल्या मेळघाटात कुपोषित मूल दवाखान्यात पोचायच्या आत जातं.

आमच्याच घराण्यात पूर्वी कसं जगणं होतं, हे शोधायचं तर कुठे पाहावं?

घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला आधी विचारा: किती मुलं झाली, किती राहिली, पाणी कुठून आणायचात, दुष्काळात काय खाल्लं, शाळा कितवीत सुटली आणि का, लग्नात वय काय होतं. पुरुषांना नंतर विचारा.

मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जा. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. अलीकडे जातीच्या दाखल्यासाठी, कुणबी नोंदी शोधण्यासाठी, हजारो लोकांनी ही पुस्तकं काढून घेतली. जुनी पानं बहुधा मोडीत असतात, त्यासाठी मोडी वाचणारा सोबत न्यावा लागतो. जातीचा रकाना पाहून झाला की लगेच पान मिटू नका. त्याच पानावर मृताचं वय आणि मृत्यूचं कारण असे रकाने असतात. पटकी, देवी, ताप, बाळंतपण असं काय काय लिहिलेलं आहे ते वाचा, आणि वयाच्या रकान्यात एक-दोन वर्षं किंवा नुसते महिने किती ठिकाणी आहेत ते मोजा.